दगडांची भाषा जाणणारे हिस्लॉप

नागपूरच्या मनीषनगरातून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे निघाले की बुटीबोरी लागते. तिच्याजवळचे टाकळघाट प्राचीन शिळावर्तुळांसाठी प्रसिद्ध आहे. याच परिसरात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या आयुष्याची अखेर झाली. नागपूरकरांना हे नाव महाविद्यालयामुळे परिचित आहे. या मातीतील जीवाश्मांचे आद्य अभ्यासक ही त्यांची ओळख मात्र काळाच्या ओघात मागे पडली.

स्कॉटलंडमधील डन्स येथे ८ सप्टेंबर १८१७ रोजी जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. त्या वेळी गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. ‘डायनोसॉर’ हा शब्दही तेव्हा नवाच होता. शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ मध्ये घडवला होता. हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये शाळा सुरू केली. धर्मप्रचारासाठी गावोगाव हिंडताना त्यांची नजर दगडांकडेही असे.

तेव्हा शहराबाहेर असलेल्या टाकळीत, लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात, त्यांना व सहकारी रॉबर्ट हंटर यांना शंख-शिंपले, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष सापडले. मांगली येथे मिळालेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीला ओवेन यांनी १८५५ मध्ये ‘ब्रॅकिऑप्स’ असे नाव दिले. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडेही हिस्लॉप यांच्या हाती लागली. ना विद्यापीठ, ना संग्रहालय. नमुने जमवायचे, लंडनच्या तज्ज्ञांकडे पाठवायचे आणि पुन्हा शोधाला लागायचे, असा त्यांचा क्रम होता.

४ सप्टेंबर १८६३ रोजी मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत त्यांनी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहिली. शाळेच्या पाहणीसाठी ते मागे थांबले. परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. मुक्कामी पोहोचला तो स्वाराविना घोडा. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. त्यांनी आदिवासींविषयी लिहून ठेवलेली टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रकाशित केली.

टाकळीचे थर डायनोसॉरनंतरच्या युगातील असावेत, असे हिस्लॉप यांचे मत होते. ते टिकले नाही. १८९० मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी टाकळीतूनच मिळालेल्या एका दाताचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मांसाहारी डायनोसॉरचा ठरला. हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील आहेत, असे आज मानले जाते. पिसदुऱ्याची हाडेही महाकाय शाकाहारी डायनोसॉरांची निघाली.

निष्कर्ष बदलला, तरी नमुन्यांचे मोल उणावले नाही. गोदावरी खोऱ्यातील, मगरीसारख्या दिसणाऱ्या एका प्राचीन प्राण्याला लायडेकर यांनी १८८५ मध्ये ‘पॅरासूकस हिस्लॉपी’ असे नाव दिले. शास्त्राच्या दप्तरात हिस्लॉप यांची नोंद अशी कायम राहिली.