गजाचं वजन कळेना

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं. ऑक्सफर्डला १९४५ साली जन्मलेली जॅकलिन ड्यू प्रे लहानपणीच त्याच्या मागे लागली आणि सोळाव्या वर्षी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये वाजवून तिने जाणकारांना थक्क केलं. एल्गार यांच्या चेलो कॉन्चेर्टोचं तिचं १९६५ मधलं ध्वनिमुद्रण ईएमआय कंपनीने काढलं. ते आजही ऐकलं जातं.

१९७१ मध्ये, सव्वीसाव्या वर्षी, तिच्या बोटांची संवेदना कमी होऊ लागली. अतिश्रम, मनावरचा ताण असं निदान झालं. तिने काही महिने वाजवणं थांबवलं. बरं वाटलं, पुन्हा बिघडलं. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली तिने एल्गार वाजवला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला मात्र तिला चेलोची पेटी उघडता येईना, हातातल्या गजाचं वजन कळेना. बोटं तारेवर कुठे पडताहेत ते डोळ्यांनी पाहत तिने चारपैकी तीन कार्यक्रम पार पाडले. ते तिचे अखेरचे जाहीर कार्यक्रम. ऑक्टोबरमध्ये आजाराला नाव मिळालं: मल्टिपल स्क्लेरोसिस.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते. बहुतेकांत झटका येतो, काही आठवड्यांत ओसरतो आणि रुग्ण डॉक्टरसमोर येतो तेव्हा तपासणीत फारसं सापडतही नाही. रुग्णांत तरुण स्त्रिया जास्त. मग 'टेन्शन घेऊ नका' म्हणून पाठवणी होते. हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हे वाक्य माझ्याही तोंडून गेलेलं आहे.

तिच्या डॉक्टरांना दोष देणं मात्र सोपं आहे. त्यांच्या हाती रिफ्लेक्स हॅमर, टाचणी आणि पाठीतलं पाणी, एवढंच होतं. गंमत म्हणा की दैव, ज्या ईएमआयने तिच्या रेकॉर्ड काढल्या, तिथल्याच गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. पण सीटीत या आजाराचे चट्टे क्वचितच दिसतात.

दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, लंडनच्याच हॅमरस्मिथ रुग्णालयात दहा रुग्णांचे सीटी आणि नवं एमआरआय शेजारी ठेवून पाहिले गेले. सीटीत १९ चट्टे होते. एमआरआयने ते दाखवलेच, शिवाय आणखी ११२ दाखवले! एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश टिपतं आणि चट्ट्याच्या जागी पाण्याचं गणित बदललेलं असतं. रुग्णाला जाणवलेल्या एका झटक्यामागे न जाणवलेले कित्येक असतात, हे त्यातून कळलं. पुढे गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन ताजा चट्टा जुन्यापासून वेगळा ओळखता येऊ लागला. म्हणून आज काहींच्या बाबतीत दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता पहिल्यालाच निदान होतं. अचानक एका डोळ्याने अंधुक दिसू लागलेल्या रुग्णांचा अमेरिकेत पंधरा वर्षं पाठपुरावा झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये एकही चट्टा नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना पुढे हा आजार झाला, निदान एक चट्टा असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना.

मात्र रिपोर्टमध्ये पांढरे ठिपके वाचून घाबरू नका. अर्धशिशी, रक्तदाब, वाढतं वय यांनीही ते येतात. ठिपक्यांची जागा, आकार आणि रुग्णाची कहाणी जुळावी लागते.

जॅकलिनने हात चालेनासे झाल्यावरही शिष्यांना शिकवलं. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, ती लंडनला गेली. आजाराची वाटचाल बदलू शकणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मंजूर झालं ते १९९३ साली.