विश्लेषण : फिशफाइंडरच्या पडद्यावर मोठी कमान दिसली म्हणजे मासा मोठाच का? सोनार घडवणाऱ्या लाँजव्हँ यांची कहाणी काय सांगते?

कोयनेच्या शिवसागरात किंवा शिराळा तालुक्यातील चांदोलीच्या वसंतसागरात होडीला फिशफाइंडर लावला, की पडद्यावर तळाची रेघ दिसते आणि तिच्या वर लहान-मोठ्या कमानी उमटू लागतात. मोठी कमान म्हणजे मोठा मासा, असे कुणालाही वाटते. त्या भरवशावर जाळे टाकावे आणि हाती बोटभर चिलापी यावी, असेही घडू शकते. हे यंत्र नेमके काय मोजते, हे समजून घ्यायचे तर ज्यांच्या प्रयोगांतून त्याचा गाभा तयार झाला, त्या पॉल लाँजव्हँ यांचे आयुष्य पाहावे लागते.

लाँजव्हँ कोण होते?

पॉल लाँजव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसमध्ये एका साध्या कुटुंबात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते औद्योगिक भौतिकी व रसायनशास्त्राच्या विद्यालयात दाखल झाले. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांना शिकवायला होते पिएर क्यूरी. पुढे लाँजव्हँ केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत राहून आले, १९०२ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९०५ मध्ये पदार्थांच्या चुंबकत्वाचा सिद्धांत मांडून युरोपभर नाव कमावले. आइन्स्टाइन यांचा सापेक्षतावाद फ्रान्समध्ये समजावून सांगणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

१९११ हे वर्ष मात्र त्यांच्यासाठी वादळी ठरले. पिएर यांच्या निधनानंतर मेरी क्यूरी आणि विवाहित लाँजव्हँ यांच्यातील जवळीक वृत्तपत्रांनी चव्हाट्यावर आणली. प्रकरण इतके विकोपाला गेले, की लाँजव्हँ यांनी एका पत्रकाराला पिस्तुलाच्या द्वंद्वाचे आव्हान दिले. प्रत्यक्षात दोघांपैकी कुणीच गोळी झाडली नाही.

पाण्यात आवाज सोडायची गरज का पडली?

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाले. पाण्याखालचा अडथळा आधी कसा ओळखावा, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन पाणबुड्या मित्रराष्ट्रांची जहाजे बुडवू लागल्या. प्रकाश आणि रेडिओलहरी पाण्यात लवकर विरतात, ध्वनी मात्र दूरवर जातो. स्वित्झर्लंडमध्ये राहणारे रशियन अभियंता कॉन्स्टँटिन शिलोव्स्की यांनी १९१५ मध्ये ध्वनीच्या साह्याने पाणबुडी शोधण्याची कल्पना फ्रेंच सरकारला कळवली आणि तिची तपासणी लाँजव्हँ यांच्याकडे आली.

दोघांनी पॅरिसमध्ये सीन नदीत प्रयोग सुरू केले. साधा आवाज पाण्यात चहूकडे पसरतो, त्यामुळे प्रतिध्वनी कोणत्या बाजूने आला हे कळत नाही. टॉर्चच्या झोतासारखा अरुंद झोत हवा असेल, तर ध्वनीची लहर आखूड हवी, म्हणजेच कंपने माणसाच्या कानाला ऐकू येणार नाहीत इतकी वेगवान हवीत.

गारगोटीने काय साधले?

उत्तर त्यांच्या गुरूंच्या जुन्या शोधात होते. १८८० मध्ये पिएर आणि त्यांचे भाऊ जॅक क्यूरी यांना आढळले होते, की क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, स्फटिक दाबला की त्यावर वीज निर्माण होते. उलट, त्याला विजेचा दाब दिला की तो किंचित आकसतो आणि फुगतो. लाँजव्हँ यांनी क्वार्ट्झचे पातळ तुकडे पोलादाच्या दोन जाड पत्र्यांमध्ये बसवले. विजेने ही चकती सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरू लागली आणि तिच्यातून पाण्यात झोत निघाला. परत आलेला प्रतिध्वनीही तीच चकती टिपू शकत होती. १९१८ च्या सुरुवातीला तुलोन बंदरात पाणबुडीवरून आलेले प्रतिध्वनी त्यांनी नोंदवले. मात्र हे तंत्र युद्धनौकांवर सर्रास बसवले जाण्याआधीच युद्ध संपले.

या प्रयोगांत माशांचाही संबंध आला. छोट्या टाकीत झोताजवळ सोडलेले मासे तत्काळ मेल्याचे आणि तिथे हात घातल्यास वेदना होत असल्याचे लाँजव्हँ यांनी नोंदवले. आजच्या फिशफाइंडरची शक्ती त्या मानाने फार कमी असल्याने माशांना तसा धोका नसतो.

पाणबुडीवरून हे तंत्र माशांपर्यंत कसे आले?

युद्धानंतर या तंत्राने समुद्राची खोली मोजली जाऊ लागली. तळाच्या रेघेवर अधूनमधून वेगळ्या खुणा उमटत. त्या माशांच्या थव्यांच्या आहेत, हे हळूहळू लक्षात आले. नॉर्वेचे ऑस्कर सुंड यांनी १९३५ मध्ये कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये जपानच्या नागासाकी प्रांतातील फुरुनो बंधूंनी मच्छीमारांसाठी फिशफाइंडर बाजारात आणला.

मग पडद्यावरून आकार का कळत नाही?

कारण यंत्र फक्त दोन गोष्टी मोजते : प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि तो किती जोरकस होता. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. ३० मीटर खोलवरच्या माशाकडून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. यावरून खोली अचूक निघते. लांबी मात्र थेट मोजली जात नाही.

कमान उमटते ती होडी किंवा मासा सरकत असल्यामुळे. मासा झोताच्या कडेला असताना अंतर जास्त, मधोमध आला की कमी आणि पुढे गेला की पुन्हा जास्त. म्हणून कमानीची लांबी मासा झोतात किती वेळ होता हे सांगते. नांगरलेल्या होडीखाली स्थिर राहिलेला लहान मासाही पडद्यावर लांबच लांब रेघ ओढतो.

खोलीनेही फसगत होते. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर रुंद असतो, ३० मीटरवर तो साडेदहा मीटर होतो. त्यामुळे तोच मासा खोलवर असेल तर कमान लांब दिसते. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. भिंतीकडच्या खोल पाण्यात आणि काठच्या उथळ पाण्यात सारखीच कमान दिसली, तरी तिचा अर्थ सारखा नसतो.

प्रतिध्वनीच्या जोरातही गोम आहे. रोहू, कटला यांच्यासारख्या माशांकडून येणारा बहुतांश प्रतिध्वनी त्यांच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून, म्हणजे वाताशयावरून, येतो. समुद्रातील मुशीला वाताशयच नसतो, म्हणून तेवढ्याच लांबीची मुशी फिकट दिसते. साधारणपणे लांबी दुप्पट झाली की प्रतिध्वनीची ऊर्जा चौपट होते; पण खोली दुप्पट झाली की ती सोळाव्या हिश्श्यावर येते. ही घट यंत्र काही प्रमाणात भरून काढते. तरीही झोताच्या कडेचा किंवा तिरका झालेला मोठा मासा लहान भासू शकतो आणि दाटीने पोहणाऱ्या लहान माशांचा एकच जाड ठिपका दिसतो. शास्त्रीय मोजणीसाठीची महागडी यंत्रे मासा झोतात नेमका कुठे आहे हे ओळखून हिशेब दुरुस्त करतात. पडद्यावर दिसणारी माशाची छोटी-मोठी चित्रे हा मात्र यंत्राचा अंदाज असतो.

लाँजव्हँ यांचे पुढे काय झाले?

ज्या संस्थेत ते शिकले, तिचेच ते पुढे संचालक झाले. फॅसिझमला त्यांनी उघड विरोध केला. जर्मनीने फ्रान्स व्यापल्यावर ऑक्टोबर १९४० मध्ये त्यांना अटक झाली, तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. निषेधासाठी पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सुमारे ४० दिवसांनी तुरुंगातून काढून त्यांना त्रुआ शहरात नजरकैदेत ठेवण्यात आले. जावई जॅक सोलोमन यांना १९४२ मध्ये नाझींनी गोळ्या घातल्या. मुलगी एलेन हिला आउशवित्झच्या छळछावणीत पाठवले. ती जिवंत परतली. लाँजव्हँ १९४४ मध्ये स्वित्झर्लंडला निसटले. युद्धानंतर फ्रान्सच्या शिक्षणसुधारणा आयोगाचे अध्यक्ष असताना १९ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने ठेवण्यात आल्या.

साताऱ्या-सांगलीच्या जलाशयांत याचा उपयोग काय?

मच्छीमारासाठी हा प्रश्न पोटाचा आहे. जलाशयात सोडलेली बोटुकली वाढण्याआधीच जाळ्यात आली, तर पुढच्या हंगामाचे उत्पन्न बुडते. म्हणून पडद्यावर कमानीच्या लांबीपेक्षा तिची जाडी आणि रंगाची तीव्रता पाहावी, तीही एकाच खोलीवरच्या कमानींची एकमेकींशी तुलना करून. होडीचा वेग आणि यंत्राची संवेदनशीलता दर वेळी सारखी ठेवावी. कोणत्या खोलीवर कशी खूण दिसली आणि जाळ्यात प्रत्यक्ष किती वजनाचा मासा आला, याची वहीत नोंद ठेवली, तर काही महिन्यांत त्या पाण्यापुरता अंदाज बसू लागतो. लहान मासा सुटून जावा यासाठी मात्र यंत्रावर विसंबता येत नाही. त्यासाठी जाळ्याची आसेच मोठी असावी लागतात.