साकरबाईंच्या नावाचा दवाखाना

मैत्रिणींनो, आमच्या जळोचीत गाय आजारी पडली की लगेच डॉक्टरांना फोन जातो. पण दारातलं कुत्रं लंगडत असेल किंवा मांजर दोन दिवस खात नसेल, तर होईल बरं आपोआप म्हणून आपण कामाला लागतो. अशा वेळी मला सर दिनशा माणेकजी पेटिट आठवतात.

त्यांचा जन्म १८२३ सालचा, मुंबईच्या पारशी घरातला. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारायला सुरुवात झाली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. दिनशा तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते. पुढे १८३४ मध्ये पांजरपोळ निघाला. मुक्या जिवांना आसरा मिळाला. पण आसरा वेगळा आणि औषधपाणी वेगळं.

दिनशा मोठे गिरणीमालक झाले. त्यांच्या दानातून परळला जनावरांचा दवाखाना उभा राहिला. त्याला नाव दिलं पत्नी साकरबाईंचं! त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे उपचार, शिक्षण आणि संशोधन एकाच जागी आलं. १८९० मध्ये ते बॅरोनेट झाले, १९०१ मध्ये वारले. दवाखाना मात्र आजही चालू आहे. कुत्र्या-मांजरांवर तिथे उपचार होतात.

नुसती भाकरी टाकली म्हणजे दया झाली असं नाही. दारातल्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. कुत्रं चावलंच, तर हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. यात मुकं जनावरही वाचतं आणि आपलं लेकरूही.