मोडशी, जहरमोहरा आणि एक पोर्तुगीज वैद्य

पणजीच्या चर्च चौकाजवळच्या म्युनिसिपल गार्डनमधून आपल्यापैकी बहुतेकजण कधी ना कधी गेलेले आहेत. त्या उद्यानाला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे, हेही अनेकांना ठाऊक असते. हा ओर्ता कोण, असे विचारले की मात्र उत्तर येते, असेल कोणी पोर्तुगीज गव्हर्नर. मीही पंधरा-वीस वर्षे तसेच समजत होतो. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन सरकारी आरोग्य खात्यात चिकटल्यावर, औषधांचा इतिहास चाळताना हे नाव पुन्हा समोर आले आणि लाज वाटली. हा माणूस गव्हर्नर नव्हता, वैद्य होता. आपल्या आजी-पणजीच्या बटव्यातल्या कितीतरी गोष्टी युरोपात पहिल्यांदा नीट पोहोचल्या त्या त्याच्या हातून.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमाराचा, पोर्तुगालमध्ये स्पेनच्या सरहद्दीजवळच्या कास्तेलो द विद या गावातला. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले, आणि १४९७ मध्ये तिथेही सक्तीचे धर्मांतर झाले. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत. नाव ख्रिस्ती, चर्चमध्ये हजेरी, पण घरात काय चालते याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सतत लक्ष. मुलगा हुशार निघाला. सालामांका आणि आल्काला इथे वैद्यक शिकला, गावी व्यवसाय केला, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. मग १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा या सरदाराचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि त्याच वर्षी गोव्याला उतरला. दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. विद्यापीठातली जागा सोडून जहाज का पकडले, हे यावरून ज्याने त्याने समजून घ्यावे.

सुरुवातीला सौझाबरोबर तो गुजरातपर्यंत हिंडला. तिथल्या बहादूरशहाने सौझाला सांगितलेली एक गंमत त्याने पुढे लिहून ठेवली. रात्री थोडी भांग घेतली की या सुलतानाला बसल्या जागी पोर्तुगाल, ब्राझील, अरबस्तान सगळीकडे फिरून आल्यासारखे वाटे. ओर्ताला असल्या गोष्टींचे मोठे कुतूहल होते. कोण काय खातो, किती खातो, त्याचे काय होते, हे तो टिपून ठेवी. निजामशहाच्या दरबारातला एक खोरासानी चिटणीस रोज तोळ्यांनी अफू खाई. तो कायम पेंगत असे, पण बोलू लागला की बोलणे शहाण्याचे!

निजामशहा म्हणजे आपल्या अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. त्याच्याशी ओर्ताची मैत्रीच जमली. तो वेळोवेळी नगरला जाई, शहावर उपचार करी, आणि तिथल्या हकिमांशी औषधांच्या अरबी नावांवरून वाद घाली. हे हकीम इब्न सिना कोळून प्यालेले. ओर्ताही तोच ग्रंथ शिकून आलेला, पण लॅटिन भाषांतरातून. भाषांतरकारांनी कुठे कुठे घोटाळे केले आहेत ते त्याला नगरला बसून कळले. शहाने वर्षातले काही महिने नगरलाच राहा म्हणून मोठी रक्कम देऊ केली, ती त्याने घेतली नाही. त्याचे घर गोव्यात होते. पुढे मुंबई बेटही पोर्तुगीज सरकारने त्याला खंडाने दिले. तिथल्या वाडीत वर्षातून दोनदा फळणारा आंबा होता, याचे त्याला फार कौतुक. मुंबई एका वैद्याकडे खंडाने होती हे आज सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

आता उपचारांकडे वळू. १५४३ मध्ये गोव्यात मोडशीची भयंकर साथ आली. मोडशी हा आपला शब्द पोर्तुगीजांनी तसाच उचलला आणि मोर्शी असा लिहिला. जुलाब, उलट्या, हातापायांना गोळे, आणि दिवसाच्या आत माणूस खलास. ओर्ताने या रोगाचे जे वर्णन केले ते युरोपियन वैद्याने केलेल्या आशियातल्या पटकीच्या पहिल्या तपशीलवार वर्णनांत धरले जाते. गोव्याचे वैद्य त्यावर काय करीत तेही त्याने लिहिले आहे. मिरी आणि जिरे घातलेली पेज पाजत. हातपाय, डोके पट्ट्यांनी घट्ट आवळत, म्हणजे गोळे कमी येतात. तळपायांना डाग देत. आणि डोळ्यांत पिंपळीची पूड टाकत, रोग्यात किती जीव उरला आहे ते बघायला! ओर्ताने स्वतः एका पोर्तुगीज गृहस्थाच्या पायांना असेच डाग द्यायला लावले होते. सालामांकाला शिकलेल्या माणसाने इथल्या वैद्याचा उपाय उचलावा ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ओआरएसची पाकिटे वाटणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातला पेजेचा भाग लगेच पटतो. पिंपळीचे नावही नको. डागण्याचे व्रण मी माझ्याच नात्यातल्या एका आजीच्या पावलांवर पाहिले आहेत, त्यामुळे ही चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे असे मला म्हणवत नाही.

जहरमोहऱ्यावर मात्र ओर्ताची फार श्रद्धा. इराणातल्या रानबोकडाच्या पोटात सापडणारा हा खडा सोन्याच्या मोलाने विकला जाई. उगाळून दिला की विष उतरते, असा समज. गोव्यातले श्रीमंत लोक वर्षातून दोनदा जुलाब घेऊन पोट साफ करीत आणि मग तारुण्य टिकावे म्हणून काही दिवस हा खडा घेत. मोडशीवरही ओर्ता तो देत असे. गुण काय येत असेल ते देव जाणे.

चोपचिनीची गोष्ट वेगळी. १५३५ च्या सुमारास हे मूळ चीनकडून आले, आणि फिरंगरोगावर रामबाण म्हणून सगळीकडे गाजले. काढा पिऊन, पांघरुणे घेऊन घाम काढायचा आणि कडक पथ्य पाळायचे. आधीच्या पाऱ्याच्या उपचारात दात पडत, तोंड सुजे, त्यापेक्षा हे कितीतरी बरे. ओर्ताने ते बऱ्याच रोग्यांना दिले. युरोपात सम्राट पाचव्या चार्ल्सने ते संधिवातासाठी घेतले आणि शरीररचनेचा मोठा पंडित व्हेसालियस याने १५४६ मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिले.

धोतऱ्याबद्दल त्याने सांगितलेला प्रसंग तर पोलीस ठाण्यातला वाटावा. मोलकरणीने जेवणात धोतरा घातला, घरधनीण हसत सुटली, आणि दागिने घेऊन चोर पसार! ओर्ताने उलटीची औषधे देऊन उतार पाडला. निंब, निर्गुडी, कुड्याची साल, चिंच, हिंग, पारिजातक, सगळ्यांची त्याने नोंद केली. मुंगूस सापाशी लढताना जे मूळ खाते ते सर्पदंशावर चालते, असेही लिहिले. हिरा हे विष आहे हा समज मात्र त्याने खोडून काढला.

हे सारे ज्या पुस्तकात आहे ते १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. मुद्रणदोष इतके की शुद्धिपत्रच लांबलचक. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. एक ओर्ता, आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक स्पॅनिश वैद्य, जो सारखा ग्रीक आणि रोमन ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. निशोत्तराचा विषय निघतो तेव्हा मालुपा नावाचे हिंदू वैद्य आत येतात आणि माहिती देतात. ओर्ता आधी आपल्या शास्त्राची औषधे वापरी, गुण आला नाही तर इथल्या वैद्यांची, हे त्याने उघड कबूल केले आहे. या वैद्यांना शरीराच्या आतले ज्ञान नाही, अशी टीकाही त्याने केली. तरी त्यांच्यापैकी किती जणांकडून तो शिकला आणि किती जणांची नावे पुस्तकात आली, याचा हिशेब मनात येतोच. कवी कामोइशची पहिली छापील कविताही याच पुस्तकात आहे.

वनस्पतींबद्दल इतके मोकळे बोलणारा हा माणूस एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नाही. १५४७ मध्ये त्याच्या बहिणींना लिस्बनमध्ये इन्क्विझिशनने पकडले होते. सुटल्यावर १५४९ मध्ये आई आणि बहिणी गोव्याला त्याच्याकडे आल्या. १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही येऊन पोहोचले. ओर्ता मोठ्या लोकांचा वैद्य, व्हाइसरॉयपर्यंत ओळखी, म्हणून जिवंतपणी त्याला कोणी हात लावला नाही. १५६८ मध्ये तो वारला. त्याच वर्षी बहीण कातारिना पकडली गेली, आणि १५६९ च्या ऑक्टोबरमध्ये तिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले. घरातल्याच माणसांच्या जबान्यांतून ओर्ताही मनाने ज्यूच राहिला होता, असे निघाले. १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून काढली, जाळली, आणि राख मांडवीत टाकली.

तोपर्यंत युरोपात क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पला काढलेल्या लॅटिन संक्षेपाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या होत्या. आपली मोडशी, आपली निर्गुडी त्यातून वाचली जात होती. कातारिनाच्या खटल्याची हकिकत पोर्तुगालमध्ये १९३४ च्या सुमारास उजेडात आली. पणजीतल्या उद्यानापासून मांडवी पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे.