प्रवराकाठचे प्राध्यापक : कै. धनंजयराव गाडगीळ

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी प्रथम त्यांच्या पदव्यांवर व अधिकारपदांवर जाते. परंतु त्यांनी मैत्री कोणाशी जोडली व ती कशी निभावली, हेही पाहण्याजोगे असते, असे आम्हांस अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर वाटू लागले आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे चरित्र याच दृष्टीने ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

गाडगीळांचा जन्म नाशिक येथे १० एप्रिल १९०१ रोजी झाला. शालेय शिक्षण नागपुरास झाल्यावर ते केंब्रिजला गेले. भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. १९२५ पासून ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापिली, तिचे ते पहिले संचालक झाले व १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले.

ग्रंथांतील सिद्धांत प्रत्यक्ष गावाशी ताडून पाहावा, ही त्यांची शिस्त होती. वाई तालुक्यातील शेती आणि पुणे शहरातील कुटुंबांची मिळकत यांची त्यांनी घरोघर व शेतोशेत पाहणी करविली. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या परिणामांची त्यांची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे होऊन प्रवरेच्या पाण्यावर ऊस उभा राहिला होता. पण गुळाचा भाव उतरला की बागायतदार कर्जात बुडे. पुष्कळांच्या जमिनी खंडाने साखर कंपन्यांकडे गेल्या होत्या. पाणी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊनही नफा दुसरीकडे जात होता.

त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी होते. त्यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले होते. परंतु त्यांनी १९२३ सालीच गावात पतपेढी काढून सावकारीतून सुटण्याची वाट शोधली होती. १९४५ साली बेलापूर येथे दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान गाडगीळांनी स्वीकारले. ऊस पिकविणाऱ्यांनीच साखर कारखान्याचे मालक व्हावे, हा विचार तेथे पक्का झाला आणि केंब्रिजचे विद्वान व लोणीचे शेतकरी एका कामास जुंपले गेले.

हे काम सोपे नव्हते. कागदावर अंगठा दिला की जमीन जाते, हा अनुभव पाठीशी असलेल्या शेतकऱ्याने भागभांडवलासाठी पैसे काढून द्यावयाचे होते. विठ्ठलरावांनी गावोगाव हिंडून लोकांचा विश्वास मिळविला. गाडगीळांनी योजनेची आखणी, हिशेब व सरकारदरबारची बाजू सांभाळली. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ लाभले. एकाचा शब्द गावात चाले, दुसऱ्याचा सरकारात. दोघांपैकी एक नसता तर हा कारखाना कागदावरच राहिला असता, असे आम्हांस वाटते.

याच सुमारास महाराष्ट्रावर एक मोठा कलंक लागला. जानेवारी १९४८ मध्ये महात्माजींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. जातीजातींत अशी दरी पडली असताना प्रवराकाठच्या मराठा शेतकऱ्याची व पुण्याच्या ब्राह्मण प्राध्यापकाची जोडी फुटली नाही. शेतकऱ्यांच्या या कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले. १९५० च्या अखेरीस महाराष्ट्रातील या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. पुढे अध्यक्षपद विठ्ठलरावांकडे आले. आपल्या भाषेत बरोबरीने काम करणारा तो सहकारी आणि सर्वांच्या मालकीची संस्था तीही सहकारीच. या दोघांनी त्या एका शब्दाचे दोन्ही अर्थ खरे करून दाखविले.

१९६७ साली गाडगीळ भारताच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य कोणत्या प्रमाणात द्यावे, यासाठी १९६९ साली ठरलेले सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले गेले. ते पद सोडून दिल्लीहून पुण्यास परतत असता ३ मे १९७१ रोजी आगगाडीतच त्यांना मृत्यू आला. विठ्ठलराव १९८० साली निवर्तले. कारखाना आज विठ्ठलरावांचे नाव धारण करून उभा आहे.

आपल्या स्मरणिकेत आपण दरवर्षी ज्ञातीतील गुणवंत मुलांची नावे कौतुकाने छापतो, ते योग्यच आहे. पण त्या मुलांना आमचे एक सांगणे आहे. पदवी घेऊन घरी याल तेव्हा ज्ञातीबाहेरचा, शाळा न लाभलेला एक तरी मित्र जोडा आणि त्याच्या कामाला आपली विद्या लावा. काळ वाईट आला तरी त्याचा हात सोडू नका. गाडगीळांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाही.