तेजीचा बादशहा आणि आईच्या नावाचा मनोरा

राजाबाई टॉवरच्या घड्याळाकडे मान वर करून पाहताना हा मनोरा कोणाच्या पैशातून उभा राहिला, हा प्रश्न क्वचितच मनात येतो. ती कहाणी मोठी उद्बोधक आहे.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ चा, सुरतेचा. लहानपणीच ते मुंबईत आले, इंग्रजी शिकले आणि दलालीत शिरले. इंग्रजी लिहू-वाचू शकणारा देशी दलाल तेव्हा दुर्मीळ. साहेबांच्या पेढ्यांपासून देशी व्यापाऱ्यांपर्यंत सगळीकडे त्यांचा शब्द चालू लागला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसाला वाटेल तो भाव देऊ लागल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या! समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा शेअर तारण ठेवून कर्जे देत होती. या तेजीचे बादशहा होते प्रेमचंद शेठ.

युद्ध कधीतरी संपणार, हे सर्वांनाच ठाऊक होते. कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हते. पण चार वर्षे अंदाज बरोबर येत गेले, की नशीब कुठे संपते आणि अक्कल कुठे सुरू होते, हे माणसाला कळेनासे होते. भाव पडण्याआधी आपण नक्की बाहेर पडू, असे जो तो समजतो. मग बाहेर कोणीच पडत नाही.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि कापूस कोसळला. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी देणाऱ्याकडे पैसा नव्हता, म्हणून घेणाराही बुडाला. पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. शेठांची अफाट दौलत कागदावरच विरली.

मात्र १८६४ मध्येच त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आई राजाबाईंच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले होते. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. शेठ पुन्हा धंद्यात उभे राहिले, पण ते वैभव परतले नाही. १९०६ मध्ये ते गेले.

जे आपलेच राहील अशी खात्री होती, ते गेले. जे हातचे सोडले, तेवढेच उरले. आणि ते आहे तरी काय? एक घड्याळ! वेळ ओळखता येते, असे मानणाऱ्या बाजाराला याहून बोलके उत्तर कोणते?