विश्लेषण : दातांच्या एक्स-रेपायी हात गमावणारे डॉ. एडमंड केल्स कोण होते?

दात दुखू लागला की दंतवैद्य आधी एक्स-रे काढतात. क्षणभरात दाताचे मूळ पडद्यावर दिसते. ही सोय दवाखान्यात आणणाऱ्या पहिल्या पिढीतले एक नाव म्हणजे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे डॉ. चार्ल्स एडमंड केल्स (१८५६-१९२८). या किरणांनी त्यांचा हात घेतला. तरीही उतारवयात ते भांडले, ते एक्स-रेचा चुकीचा अर्थ लावून उपटल्या जाणाऱ्या दातांसाठी.

सुरुवात कशी झाली?

विल्हेल्म रॉन्टगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ऑटो वॉकहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला; त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. केल्स यांचे वडीलही दंतवैद्य होते, आणि मुलाला विजेच्या उपकरणांचे वेड होते. त्यामुळे त्याच वर्षी केल्स यांनी हे यंत्र वापरायला घेतले आणि जुलैमध्ये अॅशव्हिल येथे दंतवैद्यांसमोर त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. फिल्म दाताला समांतर असेल तरच त्याची लांबी खरी दिसते, हे त्यांनी ओळखले होते. १८९९ मध्ये त्यांनी मुळाच्या पोकळीत शिशाची तार घालून एक्स-रेवर मुळाची लांबी मोजली. रूट कॅनल करताना आजही लांबी मोजण्यासाठी हेच तत्त्व वापरले जाते.

हात कसा गेला?

त्या काळच्या नळ्या लहरी होत्या. किरण पुरेसे तीव्र आहेत का, हे पाहण्यासाठी डॉक्टर नळीसमोर स्वतःचाच हात धरत आणि पडद्यावर हाडे स्पष्ट दिसेपर्यंत नळी जुळवत. केल्स यांनी हे वर्षानुवर्षे केले. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्येच धोक्याचा इशारा दिला होता. पण फार थोड्यांनी तो मनावर घेतला. केल्स यांच्या हाताला कर्करोग झाला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. आधी बोटे गेली, मग हात.

वाद कशावरून पेटला?

१९१० मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रिअल येथील भाषणात अनेक आजारांचे मूळ तोंडातील जंतुसंसर्गात असल्याचे मांडले. पाहता पाहता सांधेदुखीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्याचा ठपका दातांवर येऊ लागला. एक्स-रेवर मुळाशी काळा ठिपका दिसला की दात काढायचा, अशी लाटच आली. ज्यांनी एक्स-रे रुजवला, तेच केल्स याविरुद्ध उभे राहिले. नुसत्या सावलीवर विसंबून सरसकट दात काढणे हा गुन्हा आहे, अशी भूमिका त्यांनी १९२० मध्ये लेखातून जाहीरपणे मांडली.

सावली वाचायची कशी?

एक्स-रेवर जितका घट्ट भाग, तितका तो पांढरा दिसतो. चांदीचे फिलिंग लख्ख पांढरे, इनॅमल त्याखालोखाल, हाड करडे. कीड लागली की दाताचा तो भाग विरघळतो आणि काळसर दिसतो. दोन दातांमधल्या हाडाची पातळी खाली गेलेली दिसली, तर हिरड्यांच्या आजाराची शंका येते. मुळाच्या टोकाशी काळा गोल दिसला, तर तिथे संसर्ग असू शकतो.

पण ‘असू शकतो’ एवढेच. खालच्या जबड्यात छोट्या दाढांच्या मुळाजवळ मज्जातंतू बाहेर येण्याचे नैसर्गिक छिद्र असते. तेही तसेच काळे दिसते. उपचार यशस्वी झाल्यावर हाड भरून यायला अनेक महिने लागतात, तोवर जुनी सावली कायम राहते. उलट, संसर्ग नुकताच सुरू झाला असेल तर फिल्म स्वच्छही दिसू शकते. किडीचा प्रत्यक्ष पसारा चित्रापेक्षा मोठा असतो. म्हणूनच दातावर ठोकून पाहणे, गार लावून नस जिवंत आहे का ते तपासणे आणि हिरडीची खोली मोजणे, या तपासण्याही लागतात.

त्यांच्या मागे काय उरले?

केल्स यांनी तोंडातील लाळ आणि रक्त ओढून घेणारे उपकरण तयार केले. १८८५ मध्ये त्यांनी दवाखान्यात महिला सहायक नेमली. ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. वेदना असह्य झाल्यावर १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच आयुष्य संपवले.

आज किरणांची मात्रा तेव्हाच्या तुलनेत अगदी अल्प असते आणि एक्स-रे काढताना दंतवैद्य दूर उभे राहतात. त्यांचा दुसरा धडा मात्र रुग्णानेही लक्षात ठेवावा असा आहे. एक्स-रेवर बोट ठेवून दात काढायचा सल्ला मिळाला, तर ती सावली नेमकी कशाची आणि बाकीच्या तपासण्या काय सांगतात, हे जरूर विचारावे.